कोपरच्या शेतातला माझा वाटा

शनिवार, ८ मार्च
रघुदादा साडी घेऊन आला! ना भाऊबीज, ना राखी. मोरपंखी, काठ नारिंगी. अंगावर धरून आरशासमोर कितीतरी वेळ उभी होते. भावाला आपली आठवण येते, एवढ्यावरच दुपारभर तरंगत होते.

निघताना चप्पल घालता घालता म्हणाला, "नयन, सोमवारी गाडी पाठवतो. हक्कसोडवर सही, मग सगले हाटेलात जेवू. बिल्डर घाईत हाय."

म्हणजे साडी त्या सहीसाठी होती! आमच्यात बहिणीने ती घेतली की बाबांच्या जमिनीतला वाटा सोडला असंच धरतात. आणि मी वेडी काठ बघत बसले.

रविवार, ९ मार्च
खाडीकडचं शेत डोळ्यांपुढून हलत नाही. बाबा गेल्यापासून तिथे नुसतं गवत. पण मला बांधावरून चालणारी आई दिसते, डोक्यावर भाताचा भारा, मागे मी. मग त्याच जागी एक घर दिसतं. छोटंसं. पडवीत खाट, खारट वारा, आणि मी झोपलेय. कुणाची सून नाही, बायको नाही. नुसती नयन.

हसू नये कुणी! मुलीला मुलाएवढाच हक्क, असा कायदा होऊन वीस वर्षं झाली. मग मी स्वप्नसुद्धा बघू नये?

दौलतला भीतभीत सांगितलं. नवरा चक्क माझ्या बाजूचा निघाला. "हक्काचं आहे ते, सोडायचं नाही!" किती बरं वाटलं.

सोमवार, १० मार्च
गाडी आली. साडी पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हातात दिली. सही नाही!

संध्याकाळी आईचा फोन. "बाय, भावाशी वैर कशाला गो? मी पन सही केली व्हती माज्या भावाला. काय बिघारला माजा?"

तुला तेव्हा कुणी विचारलं तरी होतं का गं, आई? हे तिला बोलले नाही. इथे लिहितेय.

गुरुवार, १३ मार्च
होळी. माहेरून, कोपरहून बोलावणं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

इथे सासरी, ठाकुर्लीतही बायका गात होत्या, होळीतला ऊस तसाच, धूर तसाच. मन मात्र तिकडच्या होळीभोवती फिरत होतं. खूप रडले. रडता रडता परत ती पडवी दिसली. या वेळी खाटेवर दादा बसलेला, चहा मागत होता. मी आतून ओरडले, आणते रे!

शुक्रवार, ४ एप्रिल
दादाचा मेसेज : बिल्डरशी नवीन कागद केलाय, त्यात तुझं नाव टाकलं.

पुढे 'ये' नाही, 'कशी आहेस' नाही. पण नाव आहे! दौलतने पेढे आणले. आईला फोन केला, तिने उचलला नाही.

शनिवार, ५ एप्रिल
कळव्याहून मेघनाचा फोन. दौलतची धाकटी बहीण. आवाजात नुसता आनंद. "वहिनी, तुझ्यामुळे मला पण धीर आला बघ. ठाकुर्लीचं घर बाबांचंच ना? मी पण दौलतदादाकडे माझा वाटा मागणारे. तू बोलशील ना माझ्या बाजूने?"

दौलत समोरच उभा होता. त्याने स्पीकरवर सगळं ऐकलं. हातानेच 'नको' म्हणाला.

आणि माझ्या तोंडून, माझ्याच, निघालं, "अगं, पण तुला काय कमी आहे तिकडे?"

मेघनाने फोन ठेवला.