उशीखालच्या दोन पट्ट्या

बारक्या,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून फ्रिजवर चिठ्ठी लावतेय. सकाळी बाबांना रक्ताची उलटी झाली. माझ्याच हॉस्पिटलात नेलंय. जठरातल्या अल्सरमधून रक्त वाहत होतं. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून तिथे इंजेक्शन दिलं, क्लिप लावली. आता थांबलंय. रोज परक्या पेशंटांच्या वेळी मीच डॉक्टरांच्या शेजारी उभी असते. आज पेशंट माझेच बाबा, तर मलाच बाहेर बसवलं.

चार दिवस शी काळी होतेय, असं ते मला म्हणाले होते. लोहाच्या गोळ्यांनी होते, म्हणून मी उडवून लावलं. ते पोटातलं रक्त होतं. अक्कल गहाण पडली होती माझी!

अल्सर गुडघेदुखीच्या गोळ्यांनी झालाय. त्या दुप्पट का घेतल्या, असं डॉक्टरांनी विचारलं. तर म्हणाले, "मुलगी आणते, मुलगाही आणतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कुणाला नको म्हणू?"

आत्ता त्यांचे कपडे न्यायला घरी आले, तर त्यांच्या उशीखाली त्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या सापडल्या. एक माझी, एक तुझी. औषध एकच. दोन्ही फेकल्यात.

त्यांचा चष्मा काही मिळेना, तू शोधून आण. आणि वॉर्डात आलास की मला एकदा मोठ्याने 'ताई' म्हण. ते डोळे मिटून पडलेले असतात, पण जागे असतात.