मिक्सर मागे, बरणी पुढे

भांडुप,
१७ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या जयवंतचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि गाभण गाय या तिघांची विचारपूस शेवंतीनेही केली आहे. आम्ही दोघं खुशाल आहोत. गाडीही खुशाल आहे. (तिची खुशाली तुम्ही कधी विचारत नाही, तरी कळवतो. ती आता घरातलीच आहे.)

दादा, आज छाती फुगवून लिहायला बसलोय. गणपतीत खळ्यात बसून तुम्ही चारचौघांदेखत म्हणालात, "ओझा वढताना तुझ्या गाडयेन लिटराक दहा दिल्यान तर ऱ्हव मुंबयत, नायतर वीक आणि घराक ये." नुसतं म्हणून थांबला नाहीत, मुलुंडच्या कुंडलिक मेस्त्रींना गिऱ्हाईक म्हणून ठरवूनही टाकलंत. ते तीस तारखेला गाडी न्यायला येणार, असा त्यांचा निरोप आला तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. बावीस वर्षं मी गिरणीच्या भोंग्यावर उठलो. गिरणी बंद पडली आणि ही जुनी डिझेल पिकअप घेतली, तेव्हापासून माझ्या हॉर्नवर आख्खी चाळ उठते. हा मान सोडून गावी काजू राखायला यायचं, तर माझं मन काही होत नाही. म्हणून ठरवलं, एकदाचं मोजूनच टाकायचं. रिकामी गाडी लिटरला चौदा देते हे भांडुपभर माहीत आहे (मीच सांगितलंय), पण मागे ओझं लावल्यावर किती, ते कुणीच मोजत नाही. ड्रायव्हर लोक नाक्यावर चहा पीत आकडे ठोकतात आणि चहा संपला की विसरतात.

मधुकर कंत्राटदाराची मालाडला इमारत चालली आहे. शनिवारी तिथे स्लॅब होता आणि त्याचा सिमेंट कालवायचा मिक्सर होता आमच्या भांडुपात. मिक्सर म्हणजे दोन चाकांवरचं हंड्यासारखं लोखंडी धूड, गाडीच्या मागे हुकाला बांधून ओढत न्यायचं. तुमच्या अटीला याहून चांगलं ओझं कुठलं? टाकीचा काटा मी गाडी घेतल्यापासून अर्ध्यावर उभा आहे, म्हणून पवईच्या तळ्यापाशी थांबून टाकीची नळी सोडवली आणि बरणी लावली. म्हणजे काचेच्या बरणीत मापाने एक लिटर डिझेल घ्यायचं, इंजिनाची नळी तिच्यात सोडायची आणि बरणी रिकामी होईपर्यंत गाडी हाकायची. (डिझेल इंजिनातून उरलेलं डिझेल परत येतं, त्याचीही नळी बरणीतच सोडावी लागते. हे मोठमोठ्या मिस्त्रींना सुचत नाही, मला सुचलं.) बरणी मांडीवर धरायला शेवंतीला पुढे बसवली. मी मीटरचा आकडा लिहून घेतला, देवाचं नाव घेतलं आणि निघालो.

काय सांगू दादा, मिक्सर मागे आहे हे गाडीला कळलंच नाही. पवईचा चढ तिने हसत घेतला. पुढे आरेच्या रस्त्याला झाडी लागली, तिथे गाडी जरा खोकली आणि थोडा वेळ विसावली. (आपणही चढावर विसावतोच की.) तिथल्या तबेल्याच्या ट्रॅक्टरवाल्याची थोडी मदत झाली. माणूस फार सज्जन, त्याचं आजोळ आपल्या सावंतवाडीकडचं निघालं. मग गोरेगाव मागे टाकून मालाडला साइटच्या फाटकात गाडी उभी केली आणि मीटर पाहिला. चौदा किलोमीटर! एका लिटरात, मिक्सरासकट! रिकामी चौदा आणि ओझं ओढतानाही चौदा. म्हणजे ओझ्याने आपल्या गाडीला काडीचा फरक पडत नाही. मधुकरने हे ऐकून दोन्ही हात जोडले. आता दर स्लॅबला मिक्सर मीच आणायचा, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. बाबा असते तर त्यांनी आज गाडीला हार घातला असता. तुम्ही घालणार नाही हे माहीत आहे, म्हणून मीच घातला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
जयवंत

ता. क. कुंडलिक मेस्त्रींना तेवढं एक कार्ड टाका की गाडी विकायची नाही. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. माझा त्यांनी दोनदा मोडला.

दुसरा ता. क. वहिनींना सांगा, आंब्याचं लोणचं झकास झालं होतं. दुसरी बरणी पाठवाल तर बरं. पहिली आता लोणच्याच्या कामाची राहिली नाही.

तिसरा ता. क. (हे मी, शेवंती, लिहिते. हे पोस्टात पाकीट आणायला गेलेत.)

भावोजींना नमस्कार. बरणी यांनीच धुतली होती, म्हणून तिच्यात मोहरी राहिली. ती नळीत अडकली आणि गाडी आरेत बंद पडली. ट्रॅक्टरवाल्याने गाडी, मिक्सर आणि आम्ही दोघं अशी वरात चार किलोमीटर ओढून तबेल्यावर नेली, तिथे नळी फुंकून दिली. मीटरला काय, चाक फिरलं की तो मोजणार. ते चार वजा करा. राहिले दहा. त्यातला शेवटचा अर्धा गाडी चाललीच नाही. बरणी मालाडच्या नाक्यावरच संपली आणि टाकीची नळी जोडायचा पाना हे घरी विसरले होते. स्लॅबसाठी खोळंबलेल्या साइटवरच्या आठ बायका आल्या, त्यांनी आणि मी ढकलत फाटकापर्यंत नेली. हे स्टेअरिंग धरून बसले होते. माझे खांदे अजून दुखतात.

तर गाडीचे साडेनऊ आणि आम्हा बायकांचा अर्धा. तुमची अट दहाची होती. तो अर्धा धरायचा की नाही, ते तुम्ही ठरवा आणि कुंडलिक मेस्त्रींना काय लिहायचं ते लिहा. गाडीची किल्ली मात्र माझ्या कमरेला आहे आणि तीस तारखेलाही ती तिथेच असेल.