थंड हॉलच्या दाराशी

बरखेडा, भोपाळ
२३ मे

चि. रवींद्रला उषाताईचे आशीर्वाद.

नाशिकला लेकीकडे, प्रतिभाकडे, सुखरूप पोचलास, हे तिनेच कळवलं. नात रांगायला लागली म्हणे. इकडे ऊन मरणाचं आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

कॉलनीच्या हॉलची तुझी योजना मी कौतुकाने सगळ्यांना सांगत होते. दुपारभर हॉल उघडा, वर्गणीतून एसी, मागे पाचोळा जाळतात त्याचा धूर येऊ नये म्हणून खिडक्या नीट बंद केलेल्या. "लू लागून आपल्याकडे एकही माणूस जाता कामा नये," असं तू सभेत म्हणालास, तेव्हा पहिली टाळी माझी होती.

मग कार्डाची भानगड कशाला केलीस? रहिवाशांनाच आत सोडायचं. भांडीवाल्या, झाडूवाल्या दारातूनच परत गेल्या. आणि दारावर चौकीदार हल्केराम, पत्र्याखाली, त्या धुरात.

परवा त्याचा चेहरा लालभडक, अंगाला घाम नाही. म्हटलं, "भैया, अंदर बैठो."

"नहीं दीदी, साहब मना कर गए हैं. बोले, ड्यूटी बाहर है."

त्याच्यासमोरच मी तुला फोन लावला. तेव्हा उचललास. म्हणालास, "ताई, एकाला आत घेतलं की सगळे येतील. नियम म्हणजे नियम."

मी फोन ठेवला, त्याला हाताला धरून आत ओढलं. तो उंबऱ्यातच कोसळला. आम्ही पाणी ओतलं, इस्पितळात नेलं. संध्याकाळी गेला, रवी. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. धीर होईना.

समितीचे वसंतराव घरोघर सांगत फिरले, "तो आधीपासून आजारी होता, असंच सगळ्यांनी म्हणायचं." सगळे तसंच म्हणाले. मी ठाण्यात जाऊन तुझं फोनवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. शेजारी त्याची बायको बसली होती. सही करताना तू आठवला नाहीस असं नाही. पण हात थांबला नाही.

कार्डाचा नियम लिहिलेला कागद मी आज दारावरून फाडला. वसंतराव ओरडत होते. त्यांच्यादेखत भांडीवाल्या बायकांना आत नेऊन बसवलं.

तुला ठाण्यातून बोलावणं येईल. खरं सांगणार असशील तर आधी माझ्याकडे ये. वसंतरावांचं वाक्य म्हणायचं असेल तर त्यांच्याकडे जा. माझं दार वाजवू नकोस.

तुझ्याविरुद्ध साक्ष दिलेली,
तुझी सख्खी बहीण
उषा