रिमोट म्हणजे किती लांब

३ सप्टेंबर १९७३, सोमवार. दुपारी साडेचार.
वही माझी, माझ्यासाठी. पण मला अक्षर येत नाही, म्हणून लिहिणार आणि वाचून दाखवणार तूच, कालिंदी, आणि तुला कालचं आठवत नाही. शुक्रवारी छत्री शाळेत विसरलीस. शनिवारी ती आणायला गेलीस आणि चष्मा तिथे ठेवून आलीस. अशी ही आमच्या खालच्या मजल्यावरची इंग्रजीची मास्तरीण. मी सांगेन ते लिहायचं, पदरचं घालायचं नाही.
दत्तूची बदली झाली. पोर्ट ब्लेअर, अंदमान. इथून, कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतून, बोटीने चार दिवस. मुक्काम दोन वर्षं, सगळ्यांनी जायचं. ऑर्डरवर त्या गावाला 'रिमोट' म्हटलंय. स्वतःच लिहितात आणि स्वतःच पाठवतात, लाज नाही.
दत्तू जेवताना हसून म्हणाला, आई, दोन वर्षं कळ काढशील ना. हसण्यामागचं मला समजतं. माझ्या मुलाला जायचं नाही, तोंडातून निघत नाही. लहानपणी जिलबी हवी असली तरी नुसतं बोट दाखवायचा.
संकल्प: पंधरा दिवसांत बदली रद्द करवते. त्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

४ सप्टेंबर.
रिमोट म्हणजे काय, विचारलं. तू म्हणालीस, दूरचं. किती दूर? ते शब्दात नाही म्हणालीस. असली कसली भाषा. मग तू शब्दांचं जाडं पुस्तक आणलंस. रिमोटची भावंडं डझनभर निघाली. भाजी निवडावी तशी निवडली.
फार-ऑफ. गोष्टीतल्या राजकन्येचं राज्य असतं तसलं. नको, साहेबाला झोप येईल.
डिस्टंट. हा नातेवाइकांनाही लागतो म्हणे. म्हणजे आमचे जळगावचे. पंक्तीला हजर, दुखण्याला नाहीत. ठेवला.
आउटलाइंग. गावाबाहेरचं, पण गावाचंच. हावड्याला चालेल, अंदमानला तोकडा.
आयसोलेटेड. देवी आलेल्या माणसाला ठेवतात तसं, सगळ्यांपासून तोडून. उत्तम.
सेक्लुडेड. शांत, एकांतातलं. लोक मुद्दाम जातात म्हणालीस. खोड. साहेब म्हणेल, म्हातारीची चैनच आहे.
इनॅक्सेसिबल. जिथे पोचताच येत नाही. हा सगळ्यात आवडला. तू म्हणालीस, काकू, बोट जाते ना. म्हटलं, बोट जाते, मी जात नाही.

६ सप्टेंबर.
अर्ज झाला. एका अर्थाचे चार शब्द ओळीने लिहिले तर तू मुलींचे मार्क कापतेस म्हणे. मुलींचे काप. सरकार एका शब्दाने हललेलं मी पाहिलेलं नाही. रिमोट, डिस्टंट, आयसोलेटेड, इनॅक्सेसिबल. खाली माझा अंगठा. शाई जाईना. अंगठा पदरात धरून वाढलं. सूनबाईने, लीनाने, विचारलं, विळी लागली का. हो म्हटलं.
संध्याकाळी लोडशेडिंग. जिन्यात कुणाचा तरी मासा, भिंतींना ओल, अंगाला चिकटा. अकरा वर्षं हेच. शी. बागबाजारला या कलकत्तेकरांनी मराठे येऊ नयेत म्हणून खंदक खणला होता. खणायचा तर नीट खणायचा होता, आम्ही इथवर आलोच नसतो.

९ सप्टेंबर, रविवार.
दत्तूने ट्रंक आणली. मच्छरदाणी आणली आणि शीळ घालत तिला नाड्या शिवल्या. धक्का बसला की माणसं अशीच वागतात. आमच्या ह्यांची नोकरी गेली तेव्हा हे आठवडाभर भजनं म्हणत होते.
तू म्हणालीस, रिमोट माणसालाही म्हणतात. शेजारी बसलेलं, पण मनाने तुटक. ठरवलं, निकाल लागेपर्यंत घरात रिमोट राहायचं. आठ वाजता सुरुवात केली. आठ वीसला लीनाने शेजारणीकडून शिकून आमटीत साखर घातली. बोलावं लागलं. दुपारपर्यंत बोलत होते.

१२ सप्टेंबर.
तू शाळेला दांडी मारलीस. ट्रामने दत्तूच्या साहेबाकडे. साहेब बंगाली, मऊ माणूस. चहा दिला. कपाला आधीच्या कुणाच्या विड्याचा लाल डाग. प्यायल्यासारखं केलं. अर्ज वाचताना तो चार शब्दांपाशी थांबला आणि डोळे पुसले. तू म्हणतेस हसून पुसले. तुला माणसांतलं कळत नाही.
त्याने विचारलं, मुलाला हे ठाऊक आहे का. मी हिंदीत सांगितलं, बेटा रात को रोता है. मासिमा, म्हणजे मावशी, बघतो, म्हणाला. काम झालं समज.

१८ सप्टेंबर.
जिंकले. बदली रद्द. दत्तूच्या जागी त्याच्याच टेबलाशेजारचा जयप्रकाश मिश्रा जाणार.
दत्तू घरी आला तो बूट न काढता ट्रंकेवर बसला. मला वाटलं, सुटला म्हणून बसला. गूळखोबरं पुढे केलं. घेतलं नाही.
मग बोलला. ती बदली त्याने मागून घेतली होती. रिमोट ठिकाणी दोन वर्षं काढली की पुढची जागा आपण मागू ती मिळते. त्याने पुणे लिहून दिलं होतं. म्हणाला, पुण्याहून आपली वाई अडीच तास. अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ म्हणतेस ना, कृष्णाकाठी ने. आता सहा वर्षं तरी कलकत्ताच.
ओरडला नाही. बूट काढून जागेवर ठेवले.
मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. हे लिहू नकोस. लिहिलंस तर राहू दे.
संकल्प: उद्याच दुसरा अर्ज, मला अंदमानला पाठवा. तू विचारलंस, काकू, आता कोणते शब्द घालू. सेक्लुडेड घाल.

२० सप्टेंबर.
साहेबाने अर्ज वाचून परत दिला. डोळे पुसले नाहीत.
जयप्रकाशची बोट शनिवारी. त्याने काही मागितलं नव्हतं. त्याची आई गेल्याच महिन्यात बिहारातल्या छपऱ्याहून आली आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू. तिलाही अक्षर येत नाही. तिच्या घराखाली मास्तरीण राहत नाही. दत्तू सांगत होता, ती सगळ्यांना एकच विचारते, तिथे गंगा आहे का.
मी दत्तूला म्हटलं, मग तू काय सांगितलंस. तो मच्छरदाणीची घडी घालत होता. म्हणाला, ही त्यांनाच देऊन टाकतो.
वाईट मी कुणाचं चिंतलं नव्हतं. एवढं लिही. नको, खोड.
शनिवारी गोदीवर तू जा, मी येत नाही. जयप्रकाशच्या आईसाठी सातूचं पीठ डब्यात भरलंय, तिला दात नाहीत. गूळ वेगळा बांध, समुद्राच्या हवेने पाझरतो. लिंबाचं जुनं, काळं झालेलं लोणचं दे, बोट लागली की चाटायला. लीना लाडू द्या म्हणते. लाडू देऊ नकोस. लाडू आनंदाचे असतात.