"येतो" म्हणायचं नाही

७ नोव्हेंबर २०२२, लाखांदूर
आलो एकदाचा! भंडाऱ्याहून येताना एसटीने हाडं खिळखिळी केली, पण दोन वर्षं घरी बसल्यावर नोकरी मिळालीय, तक्रार कशाला? बाबूलालशेठच्या सेवा केंद्रात ऑपरेटर. धानाच्या ऑनलाइन नोंदणीला ही गर्दी! कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, कारण ते फुकट. आधीचा ऑपरेटर तेजराम तापाने वारला. त्याने मात्र झकास सोय करून ठेवलीय. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडा द्यायच्या काळ्या खिडकीत, "हाक" आणि नाव टाइप केलं की ईस्पीक नावाचं टूल स्पीकरवर ते नाव पुकारतं. ओट्यावरचा माणूस "येतो" म्हणत आत येतो. माझा घसा वाचला.

१० नोव्हेंबर
प्रिंटर रुसलाय. ड्रायव्हरसाठी सकाळभर कमांडा मारल्या. मराठी फॉन्ट गेला, प्रिंटर तसाच. वैताग! त्यात दुपारी मी डबा खात असताना स्पीकर आपोआप बोलला, "गोमाजी." त्यांचं काम तर कालच झालं होतं. ते समोरच्या टपरीवर चहा पीत होते. तिथूनच "येतो गा" म्हणाले, पण उठले आणि घरी गेले.

११ नोव्हेंबर
गोमाजी झोपेतच वारले. टपरीवाल्या देवकाबाई हळूच म्हणाल्या, "तेजरामलेबी या मशिनीनंच हाक मारली होती. 'येतो' म्हने अन् हासला. तुमी ओ देऊ नोका जी."
मला हे पटत नाही. पण क्रॉन पाहिलं, ठरल्या वेळची कामं तिथे असतात, रिकामं. ग्रेप या शोधायच्या कमांडने सगळ्या फायली चाळल्या, टॉप कमांडने चालू प्रोग्राम पाहिले. डोंगर पोखरला, उंदीरही निघाला नाही.

१४ नोव्हेंबर
चिडून ईस्पीकच काढून टाकलं. तरी थोड्या वेळाने पुकारा, "देवकाबाई." बाई भांडी घासत राहिल्या, तोंडातून शब्द नाही. शेवटी ते दमून थांबलं. बाई ठणठणीत आहेत.
शेठना सांगितलं, तर म्हणाले, "काहून भेऊन राहिले जी? व्हायरस असन." लिनक्सवर व्हायरस! तिथे तो सहसा शिरतच नाही. कपाळावर हात मारला.

१५ नोव्हेंबर
"सुगत."
माझं नाव.
स्पीकरची वायर उपटली. तरी — "सुगत."
ओठ आवळून बसलो. लोक सातबारा मागतात, मी मुका. मला मरायचं नाही. इतकंच.

१६ नोव्हेंबर
खड्ड्यात गेली नोकरी. पिशवी भरली. ते पुकारतच होतं. चपला घातल्या, शेठचा निरोप घेतला, बाहेर पडलो. मागे एकदम शांत. सुटलो!

१६, एसटीत
बस निघताना देवकाबाई मागे धावत होत्या, कपाळ बडवत. का, ते आत्ता —
निघताना "जातो" कोणी म्हणतं का! अशुभ असतं म्हणून आईने लहानपणी चापट मारून शिकवलंय. शेठना मी सवयीने — त्यांना म्हणालो, त्याला नाही! पण ते नेमकं तेव्हाच गप्प —
छाती भरून — पेन धरवत ना —
आईला फोन लावतो. सांगतो, घाबरू नको, मी घरी ये—