शुश्रूषेतला उकार

ती. ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या अंगठ्याला सुई टोचली आहे, पण नमस्काराला अडचण येत नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी फिरायला जातात ना? आम्ही दोघं मजेत.

तर झालं असं, की छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधन करून घरी बसलो, पण हात काही बसेना. औषधाच्या वेष्टनावरची चूक मी दुकानदाराला फोन करून कळवली, तेव्हा ही म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आता जरा स्वतःच्या करा!" आणि मागच्या गल्लीतल्या शिवणवर्गात माझं नाव घालून आली. वर्गात पुरुष मी एकटाच. पहिला उशीचा अभ्रा चारही बाजूंनी इतका पक्का शिवला, की उशीला आत जायला वाटच उरली नाही. मग पायजमा घेतला, तर दोन्ही पाय डावे. (घालून चाललो, तर मी दाराकडे आणि पायजमा खिडकीकडे.) शिकवणाऱ्या बाई रागावत नाहीत. चुकलं तिथे खडूची रेघ ओढतात आणि म्हणतात, "काका, उसवा." महिनाभर मी शिवलं कमी, उसवलंच जास्त.

मागच्या आठवड्यात वर्गाचं प्रदर्शन भरलं. बघतो तर मधोमध माझा पायजमा टांगलेला, खाली चिठ्ठी : 'काम चालू आहे.' एक स्वल्पविराम कधी सुटू दिला नाही मी, आणि लोकांसमोर ही शोभा! बाईंना म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा. त्यांनी अंगातल्या कुडत्याची बाही पुढे केली. "ही काल तिसऱ्यांदा उसवली. सव्वीस वर्षं शिवतेय, बाही अजून मनासारखी बसत नाही."

"मग शिकवता कशा?"

"शिकता शिकता."

ताई, 'निर्दोष' असा शेरा मारून मी हजारो कागद पुढे पाठवले. माझ्यावर तो शेरा कधीच पडणार नाही, हे त्या खोलीत कळलं आणि वाईट वाटायचं सोडून चक्क हलकं वाटलं. पायजम्याची सुरकुती सरळ केली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलो, "हा माझा."

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबतचं पार्सल भावोजींसाठी. एक पाय किंचित आखूड आहे. मांडी घालून बसले तर कळणार नाही.

ता. क. दुसरा (पत्र खरं यासाठीच लिहिलं) : भावोजी अंथरुणाला खिळले होते तेव्हा तू मला पत्र लिहिलंस, आणि मी त्यात लाल शाईने सतरा दुरुस्त्या करून ते तुला परत पाठवलं. तू 'शुश्रूषा' लिहिताना उकार चुकवला होतास. तू रात्रंदिवस ती करत होतीस, आणि मला फक्त उकार दिसला. अकरा वर्षं झाली, तू मला एक ओळ लिहिली नाहीस. फोन येतो तोही हिला. माझं चुकलं, ताई. ते पत्र परत पाठवल्यामुळे तुझं एकही अक्षर माझ्याजवळ नाही. दोन ओळी लिही, कशाही लिही.