दंडाच्या हाडातलं छिद्र

१४ मार्च

प्रिय ठमे,

हे पाकीट तुला डाव्या हाताने फोडावं लागेल, म्हणून कड मीच थोडी कापून ठेवली आहे. इकडे सगळे बरे.

आमच्या शरीररचना विभागात सध्या हाताची हाडं मोजते आहे. प्रत्येक लांब हाडाला एक बारीक छिद्र असतं, त्यातून रक्त आत शिरतं. दंडाच्या हाडात ते बहुतेकदा मध्याच्या जरा खाली सापडतं. तार घातली की कोपराच्या दिशेने आत जाते. प्रत्येक हाड दोनदा मोजायचं. दुसऱ्या दिवशी, कालचा आकडा न बघता. हाडं पुसून ठेवणारे शिपाईमामा परवा म्हणाले, "बाई, मेलेल्यांची दोन-दोनदा चौकशी करता. जिवंतांना एक फोन करा की."

मी हसले. मग घरी येऊन गेल्या वर्षीची डायरी काढली.

आईला पलंगावरून उचलताना तू पडलीस आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं, त्या आठवड्याचं पान. तू एक्स-रेचा फोटो पाठवून विचारलं होतंस, "ताई, तू हाडांची. किती दिवस लागतील? तोवर आईला नेतेस का तुझ्याकडे?" मी म्हणाले, "सहा आठवडे. तेवढ्यासाठी कशाला तिची ओढाताण?" डायरीत त्याच तारखेला माझ्याच अक्षरात आहे: 'हाड नेमकं छिद्राच्या पातळीवर मोडलंय. फार वेळ लागेल.'

सातव्या आठवड्यात तू आईला पुन्हा उचललंस. हाड जुळलं नाही. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला धीर म्हणून नाहीच." तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस.

छिद्रामुळेच जुळलं नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एक्स-रेत मला ते दिसलंही नव्हतं, जागेचा अंदाज होता. पण जे वाटलं ते तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई माझ्याकडे आली असती, आणि मला ते नको होतं. हे मी दोनदा तपासलं, डायरी मिटून. उत्तर तेच आलं.

सोमवारी तुझी शस्त्रक्रिया. मी रविवारी सकाळी गाडी घेऊन येते आणि आईला नेते. पुढची खोली रिकामी केली आहे. किती दिवस, ते या वेळी मी सांगणार नाही. तिच्या बॅगेला, अगदी औषधांच्या डब्यालाही, तू हात लावायचा नाहीस.

दार उघडलंस म्हणजे बोललंच पाहिजे असं नाही.

तुझी,
सहा आठवडे म्हणणारी
ताई